मोठा मॅनिफोल्ड

चॅम्पियन गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा ताई एका टेम्पोखाली उताणी पडली होती. तिला दिसले ते फक्त त्याचे बूट, आणि तेवढ्यावरूनच तिनं ओळखलं, आला आपला भाऊ. एवढे पांढरेशुभ्र बूट घालून ग्रीस-ऑइलच्या जागी येणारा दुसरा माणूस गावात होता कुठे!

"ताई, बाहेर ये ना जरा. काम आहे."

"काम नसताना कधी आला होतास?" ती खालूनच म्हणाली आणि मुद्दाम एक नट आवळत बसली. तो आधीच आवळलेला होता. पण भावाला ताटकळत ठेवण्यात जे सुख होतं ते फुकट का घालवायचं?

ताई म्हणजे गॅरेजची मालकीण. अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, हे गॅरेज काढलं आणि अप्पा गेल्यावर ते तिनं चालवलं. सगळं गाव तिला ताईच म्हणायचं, तिच्या दुप्पट वयाची माणसंसुद्धा. चॅम्पियन तिचा धाकटा भाऊ. घरात छोट्या, बाहेर चॅम्पियन, आणि ताईच्या मनात त्याचं जे नाव होतं ते चारचौघांत घेण्यासारखं नव्हतं.

आता सख्ख्या भावावर एवढा डूख कशाला, असं वाटेल तुम्हाला. ऐका तर.

गावाबाहेरच्या टेकडीवर दरवर्षी जुन्या गाड्यांची शर्यत लागते. पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकेक गाडी सोडायची, घड्याळ लावायचं, कमी वेळात पोचेल तो जिंकला. अप्पांची एक जुनी गाडी होती, डब्यासारखी चौकोनी, गोल दिव्यांची. अप्पांच्या माघारी ताईनं तिचं इंजिन उघडलं. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, घासलं, व्हॉल्व्ह बसवले. कार्बोरेटरमधून हवा आणि पेट्रोल इंजिनाच्या पोटात नेणारा नळ्यांचा एक पंजा असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो बाजारात मनासारखा मिळेना म्हणून तिनं स्वतः नळ्या वाकवून, वेल्डिंग करून बनवला. बनवला, मोडला, पुन्हा बनवला, पुन्हा मोडला, आणि कधीतरी एकदाचा जमला. छोट्या गाडी चालवायला बसला आणि जिंकला. पुढच्या वर्षी जिंकला. त्याच्याही पुढच्या वर्षी. चालवायचा झकास, त्यात खोटं नाही.

तिसऱ्या खेपेला त्याचा सत्कार झाला. हॉल खचाखच भरलेला. कुणीतरी विचारलं, "इंजिन कुणी बांधलं?" ताई तिथंच उभी होती, त्याचं हेल्मेट हातात धरून. लाजायचं किती आणि हसायचं किती, हेसुद्धा तिनं मनाशी ठरवून ठेवलं होतं. आणि छोट्या म्हणाला, "मीच. दुसरं कोण बांधणार? सुट्टी नाही, झोप नाही. इंजिन म्हणजे तपश्चर्या असते साहेब." विचारणाऱ्याची नजर ताईकडे वळली. "आणि या?"

"ही आमची ताई. आमचं चहापाणी बघते."

चहापाणी! ताईच्या नखांत तेव्हाही त्याच इंजिनाचं काळं अडकलेलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती त्या सगळ्या लोकांकडे बघून हसली. ते हसणं तिला आजवर स्वतःला माफ करता आलेलं नाही.

बरं, एवढ्यावर थांबला का पठ्ठ्या? छे! त्या नावावर त्यानं मोठ्या रस्त्याला स्वतःचं चकाचक गॅरेज उघडलं. गाडी तिकडे नेली, आणि अप्पांच्या वेळची बडी गिऱ्हाइकंही गाडीच्या मागोमाग गेली. आई म्हणाली, "धाकटा आहे गं तो. तुझं नाव काय नि त्याचं नाव काय, घरातच राहिलं ना?" ताई मूग गिळून गप्प बसली. पण त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती. हे इंजिन कुणाचं, ते एकदा सगळ्यांसमोर बोललं जावं. ढाल नको, फोटो नको, नाव हवं. आणि नाव मिळणार नसेल तर निदान उट्टं तरी काढायला मिळावं. दोन्हींतलं काहीतरी एक मिळाल्याशिवाय तिच्या जिवाला थारा नव्हता.

तर असा हा चॅम्पियन आज दारात उभा होता. ताई शेवटी टेम्पोखालून निघाली, चिंधीला हात पुसत म्हणाली, "बोल."

"शर्यत आलीय गं तोंडावर. मागच्या वर्षी काय झालं माहीत आहे ना?"

माहीत नसायला काय झालं? मागच्या वर्षी दातांच्या डॉक्टरनं त्याला हरवलं होतं, आणि ती बातमी ऐकल्यावर ताईनं दुपारी दुकान बंद करून चक्क आइस्क्रीम खाल्लं होतं. खरं तर माथ्याजवळच्या वळणावर छोट्याचा गिअर हुकला होता. पण गिअर हुकला म्हणायचं म्हणजे स्वतःकडे बोट दाखवायचं, आणि ते बोट चॅम्पियनच्या हाताला नव्हतंच.

"त्या डॉक्टरचा मॅनिफोल्ड बघितलायस तू?" छोट्या म्हणाला. "असा हात जातो आत! आणि आपला? पेन्सिल घालायची सोय नाही. इंजिनाला श्वासच घेता येत नाही, पळणार कसं?" त्यानं दारात आणून उभ्या केलेल्या अप्पांच्या त्याच जुन्या गाडीच्या डिकीतून एक खोकं काढलं. आत नवाकोरा, चकचकीत मॅनिफोल्ड होता, त्याच्या मापाच्या मोठ्या कार्बोरेटरसकट. ताईनं नळीच्या तोंडात बोटं घातली. चाळीसचा. तिचा स्वतःचा बत्तीसचा होता. कागदावर आठ मिलिमीटरचा फरक, इंजिनाच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा.

"तुझ्याकडची पोरं नाही बसवत?"

"ती सगळी कॉम्प्युटर लावून सर्व्हिसिंग करणारी. जुन्या इंजिनाला हात लावायला घाबरतात. तूच बसवून दे ना. आणि सगळं इंजिनच एकदा बघून घे."

ताईच्या डोक्यात तेव्हाच सगळा हिशोब झाला होता. डॉक्टरचं इंजिन याच्या दीडपट मोठं, त्याला तेवढी हवा लागते, म्हणून त्याची नळी रुंद. बागेतल्या पाण्याच्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार कशी लांब जाते? हवेचंही तसंच. लहान इंजिनाला बारीक नळी दिली की हवा वेगानं आत शिरते, पेट्रोलचे थेंब बरोबर घेऊन जाते, आणि इंजिन हळू फिरत असलं तरी ताकद देतं. नळी रुंद केली की हवा रेंगाळते, थेंब नळीच्या भिंतीलाच चिकटतात, आणि इंजिन ठसका लागल्यासारखं करतं. हां, सपाट लांब रस्त्यावर पूर्ण वेगात रुंद नळी बाजी मारून जाते. पण टेकडीवर लांब रस्ता आहे कुठे? वळण, चढ, पुन्हा वळण. प्रत्येक वळणाला वेग उतरणार, आणि प्रत्येक वळणाला हे धूड गुदमरणार.

अप्पांचा एक शिरस्ता होता. गिऱ्हाइकानं काहीही मागू दे, कामाला हात घालण्याआधी एकदा त्याच्या तोंडावर सांगायचं, बाबा रे, यानं तुझं हे हे बिघडेल. एकदाच. नंतर गिऱ्हाईक जे म्हणेल ते. गिऱ्हाईक आवडतं असो की नावडतं, ते एकदा सांगणं चुकायचं नाही. गावातले जुने लोक त्यासाठीच अप्पांकडे गाड्या आणायचे.

आणि खरं सांगायचं तर ताई सांगणार होती. तोंड उघडलंही होतं तिनं. "छोट्या, हे बघ..."

तेवढ्यात तो म्हणाला, "आणि हो, एक राहिलंच. बॅनर छापायला गेलाय. त्यावर गॅरेज माझंच टाकलंय हं. तुझंही नाव घातलं असतं, पण लोकांचा उगाच गोंधळ होतो. तू समजून घेशील."

ताईनं उघडलेलं तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "समजले. मोठाच हवा ना तुला?"

"मोठा म्हणजे मोठा!"

"बरं. मोठा देते. जुना काय करू?"

"तुझ्याकडेच ठेव. नाहीतर भंगारात घाल."

तो गेला आणि ताई स्टुलावर बसून राहिली. असं घरी चालत आलेलं उट्टं कुणाच्या नशिबी असतं! खोटं बोलायचं नाही, काही तोडायचं नाही, टाकीत साखर घालायची नाही. तो मागतोय तेच द्यायचं, उत्तमातलं उत्तम काम करून द्यायचं. फक्त एक वाक्य गिळायचं.

आणि काम तिनं खरोखर उत्तम केलं. व्हॉल्व्हची सेटिंग अशी की बघत राहावं. मोठा मॅनिफोल्ड हेडला बसवताना कडासुद्धा जुळवून घासल्या. आई जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा छोट्याही काम बघायला आला होता, दोघं एका इंजिनावर वाकलेली. आईचे डोळे भरून आले. "अशीच राहा रे दोघं," ती म्हणाली. ताईला घास गिळवेना, पण तिनं गिळला.

गाडीची चाचणी छोट्यानं घेतली ती गावाबाहेरच्या नव्या रस्त्यावर. सरळसोट, सपाट. गाडी असली सुसाट सुटली की परत आला तो ओरडतच. "ताई, विमान झालंय विमान!" मग जरा थांबून म्हणाला, "खालच्या वेगाला किंचित जड वाटतेय का गं?"

ही दुसरी संधी होती. टेकडीवरचं इंजिन सपाट रस्त्यावर तपासणाऱ्या माणसाला त्या क्षणी दोन शब्दांत शुद्धीवर आणता आलं असतं.

"वरच्या वेगाला कशी पळते ते बघ की," ताई म्हणाली.

"ते तर आहेच!" आणि गडी खूश.

शर्यतीच्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी ही गर्दी. ताई आपली जुनी व्हॅन घेऊन गेली, हत्यारांसकट. व्हॅनच्या मागे तिचा तो बत्तीसचा मॅनिफोल्डही कार्बोरेटरसकट पडून होता, कारण भंगारात घालायला हात धजला नव्हता. बेकरीवाल्या काकूंची गाडी शेजारीच उभी होती. काकू म्हणजे ताईचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, अप्पांच्या वेळेपासूनचं. पाव-बिस्किटं पोचवायच्या त्या गाडीला अप्पांनंतर ताईशिवाय कुणाचा हात लागलेला नव्हता. दर शर्यतीला त्या तिथं कॉफी विकायच्या.

"भाऊ जिंकणार का गं?" काकूंनी विचारलं.

"बघू या," ताई म्हणाली, आणि कॉफीचा कप दोन्ही हातांनी घट्ट धरला.

छोट्याचा नंबर आला. निशाण पडलं. सुरुवातीला इंजिन असं गर्जलं की लोकांनी शिट्ट्या मारल्या. पहिलं वळण आलं, गाडीचा वेग उतरला, छोट्यानं पुन्हा पाय दाबला, आणि इंजिननं उत्तर म्हणून नुसता उसासा टाकला. फुस्स! मग खोकला. मग थोडा जीव धरला, तर दुसरं वळण. तिथं गाडी जवळजवळ उभीच राहिली. तिसऱ्या वळणावर बंद पडली. सगळ्यांच्या देखत, तीन वेळचा विजेता, उतारावर मागे घरंगळू नये म्हणून ब्रेकवर उभा राहून स्टार्टर मारत होता, आणि लोक पोट धरून हसत होते. पोरंटोरं खोकून दाखवत होती. माईकवाला म्हणाला, "चॅम्पियन जरा देखावा बघायला थांबलेले दिसतात!" आणि टेकडीभर हशा पिकला.

ताईला जे वाटलं ते सांगायला लाज कशाची? तिला स्वर्ग दोन बोटं उरला होता. प्रत्येक खोकल्याला तिच्या काळजावरचा एकेक दगड उतरत होता.

छोट्या परत खाली आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. माईकवाला लगेच धावला. "काय झालं चॅम्पियन? असं कसं झालं?" छोट्यानं हेल्मेट काढलं, केस सारखे केले, आणि माईक हातात घेऊन म्हणाला, "यंदाचं इंजिन माझ्या ताईनं बांधलंय. संपूर्ण तिनं. मी हातसुद्धा लावलेला नाही."

सगळ्या माना ताईकडे वळल्या. इतकी वर्षं जे वाक्य ऐकायला तिचे कान आसुसले होते, ते अखेर भोंग्यातून, सगळ्या गावासमोर, मोठ्यानं बोललं गेलं होतं. आणि कोणत्या इंजिनाबद्दल? तर या! खोकणाऱ्या!

"पण जाऊ द्या हो," छोट्या पुढे म्हणाला, आणि वर हसला. "चुकतं माणसाचं. तिला कुणी बोलू नका. शेवटी ताई आहे माझी, मी रागावलेलो नाही."

हात्तिच्या! माफ केलं त्यानं तिला! ताईनं कप खाली आपटला. तो हरला म्हणून ती जिंकली नव्हती, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. गप्प बसावं तर आपण अडाणी. बोलावं तर... ते 'तर' पूर्ण करायला ती थांबली नाही. प्रत्येकाला दोन फेऱ्या मिळायच्या, आणि दुसरी दुपारी होती.

"छोट्या, गाडी इकडे घे," ती म्हणाली.

"दुरुस्त करतेस? शाब्बास!" त्याचा चेहरा खुलला.

तिनं बॉनेट उघडलं. इंजिन तापलेलं होतं, बोटं भाजत होती, पण तिला शुद्ध होती कुठे! नट सुटले, मोठा मॅनिफोल्ड निघाला. तो तिनं जमिनीवर ठेवला, नीट, फडक्यावर. व्हॅनमधून तिचा बारीक मॅनिफोल्ड आणला, सांध्यातली फट बंद करणारं नवं गॅस्केट घातलं, चढवला. भोवती कोंडाळं जमलं. दुसरे मेकॅनिक, दातांचे डॉक्टर, हातात कॉफीची किटली तशीच घेऊन काकू, आणि माईकवाला तर माईक पुढे धरून उभाच. तिचे हात ज्या सफाईनं चालत होते ते बघून बोलायचं राहूनच गेलं होतं. छोट्या एकदा पाना द्यायला पुढे झाला, तर चुकीचा पाना दिला.

ताई स्वतः गाडीत बसली. मैदानाच्या कडेनं वर जाणारा एक खडा रस्ता होता, सामान नेण्याचा. गाडी तिनं ऐन चढावर नेऊन थांबवली. सगळ्यांना दिसेल असा हात वर करून दोन बोटं दाखवली, दुसरा गिअर. पहिला नाही, दुसरा, ज्यात चढावर थांबलेली गाडी उचलताना सहसा बंदच पडते. आणि हळूच क्लच सोडला. खोकला नाही की कुरकुर नाही, इंजिननं गाडी उचलली आणि ते तिला सरळ वर घेऊन गेलं. तिनं पुन्हा थांबवली, पुन्हा दुसऱ्यात उचलली. खाली टाळ्यांचा कडकडाट झाला. "दाखव त्याला, ताई! दाखव!" काकू घसा फुटेस्तोवर ओरडत होत्या. एक म्हातारा मेकॅनिक शेजारच्याला म्हणाला, "अरे, हेच ते इंजिन, तीन वर्षं जिंकणारं. म्हणजे हिचंच होतं की काय ते?"

ताई खाली आली. छोट्या हेल्मेट घालूनच तयार होता. "काय आहेस गं तू! दे किल्ली, आता बघ डॉक्टरची कशी जिरवतो!"

ताईनं किल्ली दिली. मग बॉनेट उघडलं आणि पुन्हा नट सोडायला लागली.

"हे... हे काय करतेस?"

"माझा मॅनिफोल्ड काढून घेतेय."

"आत्ता? अगं, फेरी सुरू होईल!"

"तूच म्हणालास ना, तुझ्याकडे ठेव म्हणून? ठेवते." शेवटचा नट निघाला. तिनं आपला मॅनिफोल्ड काखेत मारला आणि फडक्यावरच्या मोठ्याकडे बोट दाखवलं. "तो तुझा. मोठा म्हणजे मोठा. बसव. इंजिन तूच बांधतोस ना? आम्ही आपलं चहापाणी बघणारे."

छोट्याचं तोंड पांढरंफटक पडलं. तो अगदी जवळ आला आणि हळू म्हणाला, "ताई, नको ना असं करू." लहानपणी सायकलवरून पडल्यावर जसा म्हणायचा, अगदी त्याच आवाजात. क्षणभर, अगदी क्षणभर, ताईचं काळीज हललं. मग ते परत जागेवर बसलं.

बिचाऱ्यानं प्रयत्न केला. सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसून त्यानं गॅस्केट उलटं लावलं, एक नट इंजिनाच्या खाली कुठेतरी घालवला, दुसऱ्याचे आटेच झिजवून टाकले. लोक आता हसतही नव्हते, नुसते बघत होते, आणि ते हसण्याहून वाईट होतं. भोंग्यावर त्याचं नाव पुकारलं गेलं, पुन्हा पुकारलं गेलं, आणि मग पुढच्या माणसाचं पुकारलं गेलं. चॅम्पियनचं पितळ उघडं पडलं, आणि ते पायथ्यापासून माथ्यापर्यंत सगळ्यांनी पाहिलं.

तेवढ्यात दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, अगदी सरळ कुतूहलानं, "पण ताई, हा मोठा मॅनिफोल्ड या इंजिनाला चालणार नाही, हे तुम्हाला आधी ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बसवलात कसा?"

"त्यानं मागितला."

"सांगितलं असेल ना त्याला? अप्पा तर एकदा सांगायचेच."

माईक तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर होता. हो म्हटलं असतं तर कुणी पुरावा मागणार नव्हतं. पण तिला तिचं उट्टं लपवायचं नव्हतं, त्यावर आपलं नाव हवं होतं. "नाही सांगितलं," ती मान ताठ करून म्हणाली. "मुद्दाम नाही सांगितलं."

'मुद्दाम' भोंग्यांतून टेकडीभर गेलं. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. म्हाताऱ्या मेकॅनिकनं टोपी सारखी केली आणि तो दुसरीकडे बघायला लागला.

घरी आई म्हणाली, "सख्ख्या भावाला असं उघड्यावर पाडलंस?" ताई म्हणाली, "मला पाडलं तेव्हा कुठे होतीस?" त्यानंतर दोघींमध्ये मिठाच्या डब्यापुरतंच बोलणं राहिलं. छोट्यानं आपल्या गॅरेजवरची शर्यतीची पाटी उतरवली. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय, इंजिन खरं ताईचंच होतं. अनोळखी माणसं गॅरेजमध्ये यायची, तो बारीक मॅनिफोल्ड हातात घेऊन बघायची, वा वा करायची. पण वा वा करून झाल्यावर ज्या गाडीतून आली त्याच गाडीत बसून निघून जायची. टेम्पोवाला आपला टेम्पो घेऊन गेला तो परत फिरकला नाही. ताईनं स्वतःला सांगितलं, येतील, सावकाश येतील.

मग एका सकाळी बेकरीवाल्या काकू आल्या. शर्यतीआधीच ठरल्याप्रमाणे त्यांची गाडी आठवडाभर ताईकडे होती, इंजिनाच्या कामाला.

"काकू, अजून व्हायचीय हो. दोन दिवस द्या."

"असू दे गं. चालते ना? तशीच नेते."

"अहो, अर्धवट कशी नेता?"

काकूंनी पदराशी चाळा केला. मग त्या बोलल्याच, कारण त्या आडपडदा ठेवणाऱ्या नव्हत्या. "खरं सांगू? तुझ्यासारखा हात कुणाचा नाही. मी सगळ्यांना सांगते तसं. त्या दिवशी तुझ्यासाठी एवढी ओरडले की घसा बसला माझा. पण उद्या तुझं-माझं काही बिनसलं, तर? तू काय करशील माझ्या गाडीला? आणि केलंस तर मला कळणार कसं?"

"तुमच्याशी कशाला माझं बिनसेल?"

"तो तर भाऊ होता गं तुझा."

ती गोष्टच वेगळी होती, असं तिला ओरडून सांगायचं होतं. चूक झाली, असं म्हटलं असतं तर काकू कदाचित विरघळल्या असत्या. पण चूक झाली असं तिला वाटतच नव्हतं. छोट्या पुन्हा तसाच दारात येऊन उभा राहिला असता तर तिनं पुन्हा तेच केलं असतं, आणि ते तिच्या तोंडावर इतकं स्पष्ट दिसत होतं की काकूंनी नजर खाली घातली.

ताईनं खिळ्यावरची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. काकू गाडीत बसल्या. ताई खिडकीशी वाकली. "बरेच दिवस उभी आहे, इंजिन थंड आहे, असंच सुरू व्हायचं नाही. आधी चोक ओढा, मगच चालू करा."

काकूंनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग मान डोलावली, खिडकीची काच वर घेतली, आणि चोकला हात न लावता किल्ली फिरवली.